शून्य लिहायचं की नाही, बापू?

बापू,

कावळा शिवला, पण नेमका कशाला शिवला ते काही कळलं नाही. तेच तुला आधी सांगते, कारण घाटावर जमलेल्यांनी त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावून टाकलाय आणि गोंधळात मी एकटी उरले आहे.

प्रवरेच्या काठावर तुझ्या दहाव्याचा पिंड ठेवला आणि कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. तुझी सगुणा पदर तोंडाला लावून म्हणाली, पोरांची शाळा सोडवणार नाही. कावळे ढिम्म. तुझा थोरला म्हणाला, आईला अंतर देणार नाही. एकाने मान वाकडी केली, बस. मग कुणी तुझ्या तांबड्या गाईचं नाव काढलं, कुणी तपकिरीच्या डबीचं. मला तर हसू यायला लागलं. जिवंतपणी तुला चहाला बोलवायला चार निरोप लागायचे, तसंच चाललं होतं.

तेवढ्यात तात्या पुढे झाला. कंपनीचा अध्यक्ष म्हणून मुंडासं सावरत हात जोडून म्हणाला, "बापू, तो फळा आमी काढून टाकतो. कंपनीची अब्रू बाजारात टांगनार न्हाई. निवांत जा."

त्याने तोंड उघडलेलं बघितलं तेव्हाच तो काय बोलणार ते मी ओळखलं होतं, आणि पुरुषमाणसाचं बोलणं पुरं होऊ द्यायची सवय मला कधीच नव्हती. मी मागून त्याच्याबरोबरच म्हणाले, "बापू, फळा राहील हो. मी आहे." आमची दोघांची तोंडं एकदमच मिटली, आणि कावळा खाली उतरला.

आता सांग. तात्या म्हणतो माझं ऐकलं. बायका म्हणतात आक्काचं ऐकलं. भटजी म्हणाले, शिवला ना, मग चला. तू मेल्यावरसुद्धा एका वाक्यात उत्तर दिलं नाहीस.

तुला आठवतं, लढाई सुरू झाली आणि बाहेरून येणारे लोखंडी चरक बंद झाले. रानात ऊस उभा आणि तो पिळायला यंत्र नाही, रस आटवायला काहील नाही. देवळाली ते राहुरी सगळीकडे एकच रड. तू मुंबईचं काम सोडून आलास आणि माझ्या ओट्यावर बसून म्हणालास, आपण इथंच ओतू, मोडीच्या लोखंडातून. एका शेठजीची नव्हे, गावाची कंपनी. ज्याला झेपेल त्याने शेअर घ्यायचा. मी तेव्हा नुकतीच पहिल्या नातवाची आजी झालेली, म्हणजे आजीपणातही कोवळी, आणि जगातलं सगळं आपल्यालाच कळतं अशा समजुतीत होते. थोरली बहीण म्हणून लहानपणी तुला पाढे मीच शिकवले ना! मला स्वतःला सातानंतरचे येत नव्हते, पण तू चुकलास की पाठीत रट्टा घालायला मी कधी चुकले नाही. पन्नाशीला आले तरी माझी रीत तीच होती. येत काही नव्हतं आणि तोऱ्यात काही कमी नव्हतं.

लोक शेअर घ्यायला तयार नव्हते. त्याआधी एका तेलगिरणीच्या कंपनीत गावाने पैसा घातला होता. वर्षानुवर्षं आत काय चाललंय याचा पत्ता नाही, आणि एके दिवशी दाराला कुलूप. म्हणून तू सभेत उभा राहून शब्द दिलास. दर बाजाराच्या दिवशी कारखान्याबाहेर लिंबाच्या खोडाला फळा लागेल, आणि त्या आठवड्यात किती चरक विकले, किती काहिली विकल्या, ते ज्याला त्याला दिसेल. वाचता येत नाही त्याच्यासाठी आकड्याखाली तेवढ्या रेघा मारू.

तात्याला घाम फुटला. नगरचा कारखानदार आपला आकडा बघून भाव पाडील, म्हणाला. मी तर तुला घरी गाठून फैलावर घेतलं. "घरात किती भाकरी थापल्या हे कुठली बाई वेशीवर सांगते रे?"

तू तपकीर ओढलीस, शिंकलास, नाक पुसलंस, आणि मग म्हणालास, "वेशीवर न्हाई सांगत. पर ज्यानं पीठ दिलं त्याला तरी सांगशील का न्हाई?"

मी ताक घुसळायला घेतलं. उत्तर नसलं की मी ताक घुसळते, हे तुला माहीत होतं.

आणि मग तुझी ही फळ्याची वैरीण काय करायला लागली? दर बाजाराला भाजी घेण्याआधी फळा बघायला लागली. पिशवी काखेत, डोळे बारीक, जणू स्वतः भट्टीवर उभं राहून लोखंड ओतून आलेय. आकडा चांगला असला की घरी शिरा, पडला की सुनेला बोलणी. अनसूयाला शेअर घ्यायला मीच लावलं. माझी शेजारीण, पदरात लग्नाची पोर, नवरा गेलेला. दूध विकून तिने चार आणे-चार आणे करत गाठीला बांधलेलं, ते मी माझ्या जिभेच्या जोरावर तुझ्या कंपनीत आणलं. रहिमतबीनेही घेतला, बांगड्यांची पेटी डोक्यावरून उतरवून. माझ्या तोंडून निघालं की बायका ऐकत, आणि मला त्याची केवढी ऐट! चालताना मीच कंपनी आहे असं वाटायचं.

मग तो पहिला पितृपंधरवडा आला.

पितृपंधरवड्यात नवी वस्तू कुणी घरात आणत नाही. ते कुणी कुणाला सांगावं लागत नाही. चुलीवर वडे, छपरावर कावळ्याचा घास, आणि खरेदी बंद. त्या बाजाराला तू फळ्यावर लिहिलंस, चरक शून्य, काहिली शून्य. रेघा मारायला काही नव्हतं, म्हणून खालची जागा मोकळी ठेवलीस. पुढच्या बाजारालाही तेच.

आणि बापू, गाव घाबरलं! ज्यांच्या ज्यांच्या घरी पितर जेवायचे होते, ज्यांनी स्वतः त्या दिवसांत साधी सुई घेतली नव्हती, तेच लोक फळ्यासमोर उभे राहून कपाळाला हात लावत होते. शून्य! बुडाली! तेलगिरणीवानी झालं! कुणाच्याही डोक्यात आलं नाही की हे शून्य आपणच केलंय. माझ्याही नाही. मी, सर्वज्ञ आक्का, घरी श्राद्धाचा स्वयंपाक करून, हात पुसत फळ्यापाशी गेले आणि शून्य बघून सगळ्यांच्या पुढे उभी राहून कपाळाला हात लावला.

एक रहिमतबी तेवढी हसत होती. पेटी मांडीवर घेऊन म्हणाली, "तुमचे पितर जेवाया येत्यात म्हून तुमी कंपनीला उपाशी ठिवता व्हय? मग आता रडता कशापायी?" मोहरमात तिच्या बांगड्या कुणी भरत नाही, म्हणून बसलेला धंदा तिने पाहिलेला होता. पण तिचं कुणी ऐकलं नाही. आम्हाला वाटलं, हिला काय कळतंय आमच्यातलं.

शेवगावचा तो भांड्यांचा व्यापारी मात्र नेमका आला. गाडीचे बैल सोडून चिंचेखाली बसला, गोड बोलला, आणि लोकांचे शेअर पडत्या भावाने घेत सुटला. त्यालाही पंधरवडा होता, बरं का. पण शेअर म्हणजे वस्तू नव्हे, कागद, असा त्याने सोयीचा शास्त्रार्थ काढला. अनसूयाने सगळे दिले. एकच ठेवला, बापूभाऊच्या तोंडाकडं बघून.

घट बसले आणि गाड्यांची रांग लागली. दसऱ्याला तर चरक पुरेनात. फळ्यावर रेघा मारता मारता खडू संपला. अनसूया रांगेच्या कडेने दुधाची चरवी घेऊन गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. पोरीचं लग्न त्या साली झालं नाही.

त्या संध्याकाळी तू माझ्या ओट्यावर आलास आणि टोपी न काढताच बसलास.

"आक्का, मी खरं लिहिलं हुतं ना?"

"हो की."

"मग तिला कुणी नागवलं?"

मी म्हणाले, तिच्या घाईने. किती शहाणी होते बघ मी! तुझं तोंड एवढंसं झालं, तू उठून गेलास, आणि मी मागून आपली समई लावून स्तोत्र म्हणायला बसले, जणू निवाडा झाला.

पुढच्या वर्षी पंधरवड्यात तू फळा कोराच ठेवलास. शून्य दिसलं की बिथरतात, मग दाखवायलाच नको, असं तुझं म्हणणं. ते तर भलतंच झालं. शून्याला निदान कड असते, कोऱ्या फळ्याला कडच नाही. एकाने म्हणावं बापू मुंबईला पळाला, दुसऱ्याने म्हणावं कारखाना गहाण पडला. शेवगावकराला बैल सोडायलाही वेळ मिळाला नाही, लोकच गाडीपाशी गेले. तेव्हा मी तुझ्याकडे धावत आले, तीच मी, भाकरी न मोजू देणारी, आणि ओरडले, लिही रे बाबा, शून्य तर शून्य लिही!

तू म्हणालास, "तू तर फळ्याच्या विरोधात हुतीस."

मी म्हणाले, तू तर बाजूने होतास.

बांधावर दोन माणसं समोरासमोर येतात, वाट द्यायला दोघंही एकाच बाजूला सरतात, मग दोघंही दुसऱ्या, तसं आपलं वर्षानुवर्षं चाललं. तू महिन्यातून एकदा लिहून बघितलंस, तर मधल्या आठवड्यांचे आकडे लोकांनी चहाच्या दुकानात मनाने भरले आणि ते फळ्याहून वाईट निघाले. तात्या म्हणायचा, वर्षातून एकदा सभेत सांगा, लोक जेवतील आणि जातील. मला एखाद्या दिवशी वाटायचं तात्याचंच खरं. मग ते माघातलं आठवायचं. गुऱ्हाळं भर जोरात असताना फळ्यावर काहिलींचा आकडा घसरत चालला होता. तेव्हा सण नाही, पंधरवडा नाही. शेअरवालेच तुझ्या दारात आले, का रे बाबा म्हणून, आणि त्यांच्यातल्याच एकाने खालमानेने सांगितलं की नव्या काहिली जोडावर झिरपतात, म्हणून शेजारपाजारचे घेत नाहीत, पण बापूला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. तू काम थांबवून जोड बदललेस. वर्षाच्या सभेची वाट बघितली असती तर झिरपणाऱ्या काहिलींबरोबर कंपनीही झिरपून गेली असती.

म्हणजे एकदा फळ्याने अनसूयाला बुडवलं आणि एकदा फळ्यानेच सगळ्यांना वाचवलं. तोच फळा, तोच खडू, लिहिणाराही तूच. मग चूक आणि बरोबर कुठे वेगळं होतं? मी कित्येकदा धरायला गेले आणि हातात काही आलं नाही.

तुझ्या शेवटच्या आजारात, श्रावणात, तू मला खाटेशी बसवलंस. आवाज गेलेला. म्हणालास, "पंधरवडा येईल आता. लिहायचं का न्हाई, तूच सांग." बापू, मी काय सांगितलं आठवतं? म्हणाले, आधी बरा हो, मग भांडू. तू हसलास. मला वाटलं मी किती छान बोलले. तू विचारत होतास आणि मी गंमत करत होते. खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं आणि तिथे घुसळायला ताक नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. या गावात मला, हे कर ते कर, सगळ्यांनी सांगितलं. सासऱ्यांनी, दिरांनी, पोरांनी. तुला काय वाटतं असं जन्मात फक्त तूच विचारलंस, आणि तेही असल्या गोष्टीबद्दल, जिच्यात पुरुषांची डोकी चालत नव्हती. मी दरवेळी उलटसुलट बोलले, आणि तू दरवेळी पुन्हा विचारायला आलास. ते मी कधी तुला बोलून दाखवलं नाही. शिरा करून वाढला असेन फार तर.

तर दहाव्यानंतर सभा झाली. सगळ्यांना धाक एकच. बापू गेला, आणि त्यावर हे शून्य आलं, तर या खेपेला लोक एकेक नाही, एकदम विकतील, आणि कंपनी शेवगावकराच्या चिंचेखाली जाईल. बायकांचे शेअर सगळ्यात आधी, कारण त्यांच्याच घरी पोटापुरतं असतं. तात्याने कावळ्याची साक्ष काढली. मीही काढली. अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

तेव्हा अनसूया उठली. एका शेअरची धनीण, आजवर सभेत कधी तोंड न उघडलेली. म्हणाली, "मी शून्य बघितलं, ते खोटं नव्हतं. मला त्याचा राग न्हाई. पर तिथं एवढी मानसं उभी हुती, एकानं बी म्हटलं न्हाई की अनसूये, हे तुझ्याच घरातलं शून्य हाय. तू तरी ह्या आठवड्यात काय घेतलंस? तेवढं कुनी बोललं असतं तर मी न विकता घरी गेले असते."

ती खाली बसली. माझ्याकडे बघून बसली, इतक्या वर्षांनी. तिथे उभ्या असलेल्या माणसांत सगळ्यात पुढे मी होते, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही.

तात्या लगेच म्हणाला, आक्काच ठरवू दे, कावळा शिवला तेव्हा ती बी बोलत हुती. टाळलं शहाण्याने. उद्या बिघडलं तर बाईने ठरवलं होतं असं म्हणायला मोकळा.

काल पंधरवड्यातला पहिला बाजार होता. तुझं वर्ष व्हायचंय, म्हणून तू अजून पितरांच्या पंगतीत नाहीस म्हणतात. कुठे आहेस कोण जाणे. मी तुझ्या डबीतला खडू घेतला, तपकिरीचा वास लागलेला, आणि लिंबाखाली जाऊन लिहिलं. चरक शून्य. काहिली शून्य. खडूची सवय नाही, एक शून्य मोठं झालं, एक छोटं. लोकांना वाटलं त्यातही काही अर्थ आहे.

लिहून तू घरी जायचास, बापू. तुला वाटायचं, खरं लिहिलं, काम झालं. मी गेले नाही. मी फळ्याखाली पिशवी पसरून बसले. जो कपाळाला हात लावी त्याला विचारलं, तुझ्या घरी कुणाचं श्राद्ध झालं रे? कालच झालं, आक्का, वडलांचं. मग चरक घेतलास का त्या दिवशी? भलतंच, पंधरवड्यात कसा घेनार? मग हे शून्य कुणाचं? काही हसले. काही गोरेमोरे झाले. एक-दोघांना पटलं नाही, ते चिंचेकडे गेलेच. त्यांना मी हाताला धरून थोडीच ठेवणार? शेअर त्यांचा.

दुपारी रहिमतबी पेटी घेऊन शेजारी बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याआधी तीच सांगू लागली. मग अनसूया आली. रिकामी चरवी उपडी घालून तीवर बसली.  तिघी म्हाताऱ्या फळ्याखाली. तात्या लांबून बघत होता, येऊ की नको करत.

उन्हं कलली तेव्हा शेवगावकराने बैल जुंपले. दोन कागद मिळाले त्याला, जास्त नाही.

पण मला अजून कळलं नाही, बापू. शून्याशेजारी दर वेळी कुणी बसायला हवं असेल, तर मी नसताना कोण बसेल? आणि बसणारी नसेल तर लिहावं की नाही? मी काल बरोबर केलं की नुसती नशिबाने सुटले? तू असतास तर म्हणाला असतास, तूच सांग.

फळा पुसायला उठले तर त्याच्या वरच्या कडेवर कावळा येऊन बसला. मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला. अनसूया हळूच म्हणाली, आक्का, विचारा की त्याला. मी पदर झटकून त्याला हाकललं. म्हटलं, चल, जा, गेल्या खेपेला विचारलं तेव्हा नीट बोलला नाहीस. आता आमचं आम्ही बघतो.

जरा लांब जाऊन बसला, पण गेला नाही.

— तुझी आक्का